जखम कोण बरी करते?

माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवर, जेथून खाली नर्मदेचे विस्तीर्ण खोरे दिसते, तेथे मांडूचा प्रचंड किल्ला पसरलेला आहे. पुढे हा सारा मुलूख धारच्या पवारांच्या राज्यात आला, त्यामुळे मराठी माणसालाही मांडू परका नाही. मांडू म्हटले की जहाज महाल, हिंदोळा महाल, होशंगशाहाची संगमरवरी कबर आणि रूपमतीचा मंडप यांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या वैभवाच्या यादीत एका संस्थेचे नाव सहसा कोणी घेत नाही. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याने १४४५ साली मांडूत एक मोठे रुग्णालय स्थापन केले आणि मौलाना फजलुल्ला नावाच्या विद्वान हकिमाकडे ते सोपविले.

या महमूद खिलजीचे बरेचसे आयुष्य लढायांत गेले. मेवाडच्या राणा कुंभाशी त्याचे हाडवैर होते. त्या युद्धातील विजयाचे स्मारक म्हणून त्याने मांडूत १४४३ साली सात मजल्यांचा मनोरा उभारला. इकडे राणा कुंभानेही आपल्या विजयाचे स्मारक म्हणून चितोडला नऊ मजल्यांचा कीर्तिस्तंभ बांधला आणि तो १४४८ साली पुरा झाला. वैर एकच, पण विजयस्तंभ मात्र दोन! जय कोणाचा झाला, हा वाद इतिहासकारांवर सोपवावा. त्या रणांगणावरून तलवारीचे घाव घेऊन परतलेल्या शिपायांकडे पाहिले, तर मात्र एक गोष्ट निर्विवाद दिसते. माळव्याचा शिपाई आणि मेवाडचा शिपाई, ज्यांच्या जखमा भरून आल्या त्यांच्या जखमा अगदी एकाच रीतीने भरून आल्या. ही रीत कोणती, हे त्या काळी मांडूच्या हकिमाला ठाऊक नव्हते आणि चितोडच्या वैद्यालाही नव्हते. ती उमगण्यास मनुष्याला आणखी पाच शतके लागली.

जुन्या वैद्यांचे निरीक्षण कमी होते, असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुताने व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. शुद्ध व्रण, दुष्ट व्रण आणि भरून येऊ लागलेला रुह्यमाण व्रण यांची लक्षणे त्याने इतक्या बारकाईने वेगळी केली आहेत की आजच्या शस्त्रवैद्यानेही मान डोलवावी. अरबी आणि यूनानी परंपरेत शिकलेले हकीमही जखम धुणे, बांधणे, डागणे यांत वाकबगार होते. तथापि जखम आपण स्वच्छ करतो, तिच्यावर पट्टी बांधतो. ती भरून काढणारा मात्र दुसराच कोणी असतो, याची जाणीव या सर्वांना होती. सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे हा तर, मलमपट्टी तेवढी आपली आणि बरे करणे परमेश्वराचे, अशा अर्थाचे उद्गार नेहमी काढीत असे. त्यात श्रद्धा होती, तसाच प्रामाणिकपणाही होता. आपल्या ज्ञानाची हद्द कोठे संपते, हे त्याने स्पष्टपणे सांगून टाकले होते.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्राने ही हद्द थोडी पुढे सरकली. सर्व सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे १८३८-३९ च्या सुमारास श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रतिपादन केले. नवी पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धांत पुढे फिरखो याने रूढ केला. जखम भरते म्हणजे काय होते, याचे उत्तर आता देता येऊ लागले. जखमेच्या कडेच्या पेशी सरकतात, दुभंगतात, एकीच्या दोन आणि दोहोंच्या चार होतात आणि तुटलेली जागा भरून निघते. परंतु एका उत्तरातून दोन नवे प्रश्न निघाले. कालपर्यंत स्वस्थ बसलेल्या पेशीला आज दुभंग म्हणून आज्ञा कोण देतो? आणि जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींस मिळाल्या की थांब म्हणून कोण सांगतो?

या प्रश्नांचा शोध जिवंत शरीरात घेणे अवघड असल्यामुळे शास्त्रज्ञांनी पेशी शरीराबाहेर काढून काचेच्या भांड्यात वाढविण्याचा खटाटोप आरंभिला. रॉस हॅरिसन याने १९०७ साली बेडकाच्या गर्भातील मज्जापेशींचे तंतू शरीराबाहेर वाढताना पाहिले. अलेक्सिस कॅरेल याने कोंबडीच्या गर्भातील पेशी दीर्घकाळ जतन करण्याचे प्रयोग केले. या उद्योगात एक विलक्षण गोष्ट आढळून आली. मीठ, साखर, जीवनसत्त्वे आणि इतर सर्व पोषक द्रव्ये अगदी मापून घातली, तरी पेशी केवळ तग धरून राहत. वाढत मात्र नसत. त्या द्रवात थोडा गर्भाचा अर्क किंवा रक्ताचा रस मिसळला की त्या भराभर दुभंगू लागत. म्हणजे पेशीला अन्न असून पुरत नाही, तिला आज्ञाही लागते. आणि ती आज्ञा बाहेरून, कोणत्यातरी द्रव्याच्या रूपाने येते. हे द्रव्य कोणते, हाच आता खरा प्रश्न होता.

त्याचा पहिला धागा सापडला तो इटलीत, तोही अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत. तूरिन येथे १९०९ साली जन्मलेल्या रिता लेव्ही-मोंताल्चिनी या डॉक्टर होत्या. पण त्या ज्यू असल्यामुळे मुसोलिनीच्या राजवटीत १९३८ साली झालेल्या वंशविषयक कायद्यांनी विद्यापीठाचे दार त्यांना बंद केले. बाईंनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांची शस्त्रे केली. कोंबडीची अंडी मिळवून त्यांतील गर्भाच्या मज्जातंतूंची वाढ त्या पाहू लागल्या. युद्धामुळे शहर सोडून खेड्यात जावे लागले, तेव्हा तेथेही हे काम चालूच राहिले. प्रयोग झाला की उरलेल्या अंड्याचा स्वयंपाकात उपयोग होई, कारण ते दिवस टंचाईचे होते!

युद्ध संपल्यावर व्हिक्टर हॅम्बुर्गर यांच्या निमंत्रणावरून १९४७ साली त्या अमेरिकेत सेंट लुइस येथे गेल्या. उंदराची एक विशिष्ट गाठ कोंबडीच्या गर्भात बसविली तर त्या गाठीत मज्जातंतूंची गर्दी होते, असे तेथे दिसून आले होते. गाठीतून पाझरणारे एखादे द्रव्य ही वाढ घडवीत असावे, असा तर्क रिताबाईंनी केला. त्याची कसोटी घेण्यासाठी गाठी असलेले दोन उंदीर बरोबर घेऊन त्या १९५२ साली विमानाने ब्राझीलमधील रिओ दे जानेरो येथे गेल्या, कारण पेशी काचेत वाढविण्याची सोय तेथे हेर्था मायर यांच्या प्रयोगशाळेत होती. गाठीचा तुकडा मज्जापेशींजवळ ठेवताच एका दिवसात त्या पेशींभोवती तंतूंचे दाट प्रभामंडल उमटले. द्रव्य आहे, हे सिद्ध झाले. आता ते हाती यावयाचे होते.

हे काम सेंट लुइस येथे स्टॅन्ली कोहेन या रसायनशास्त्रज्ञाने १९५३ पासून हाती घेतले. गाठीच्या अर्कात नको असलेली काही द्रव्ये मोडून टाकण्यासाठी त्याने त्यात सर्पविष घातले. पाहतो तो काय, तंतूंची वाढ कमी होण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढली! ते द्रव्य सर्पविषातच विपुल होते. सापाची विषग्रंथी ही मूळची लालाग्रंथीच. तेव्हा उंदराच्या लालाग्रंथीतही ते असेल, असा विचार करून कोहेन याने ती तपासली आणि त्याचा तर्क खरा ठरला.

त्यानंतर घडले ते अधिकच नवलाचे. या लालाग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचला असता त्यांचे डोळे लवकर उघडले. उंदराच्या पिलाचे डोळे तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. या पिलांचे सातव्या दिवशीच उघडले आणि दातही लवकर फुटले. मज्जातंतूंच्या द्रव्याचा हा प्रभाव नव्हे, हे कोहेनच्या ध्यानात आले. एखाद्याने हा किरकोळ प्रकार म्हणून सोडून दिला असता. कोहेन याने तो सोडला नाही. पापणीच्या त्वचेची वाढ झपाट्याने होऊन ती लवकर विलग होते, हे त्याने दाखविले आणि त्यास कारण होणारे प्रथिन १९६२ पर्यंत शुद्ध रूपात वेगळे केले. बाह्यत्वचेच्या पेशींना वाढावयास लावणारे म्हणून त्यास बाह्यत्वचा-वृद्धिघटक असे नाव मिळाले. या संशोधनाबद्दल रिता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

हे प्रथिन आकाराने अगदी लहान आहे. बहुतेक प्रथिनांत शेकडो अ‍ॅमिनो अम्लांची साखळी असते. यात अवघे ५३ दुवे आहेत आणि गंधकाच्या ३ बंधांनी ती साखळी घट्ट वळलेली असते. मनुष्याच्या शरीरातही ते असते. १९७५ साली मानवी मूत्रातून ते वेगळे काढण्यात आले, तेव्हा मनुष्याच्या आणि उंदराच्या प्रथिनातील ५३ पैकी ३७ दुवे तंतोतंत सारखे निघाले. मनुष्या-मनुष्यांत तर हा संदेश एकच आहे. सुलतानाच्या शिपायाच्या जखमेस तो ज्या अक्षरांनी लिहिलेला येत होता, त्याच अक्षरांनी राण्याच्या शिपायाच्या जखमेसही येत होता.

हे प्रथिन आपले काम कसे करते, तेही आता बरेच उलगडले आहे. ते पेशीच्या आत शिरून कारभार करीत नाही. पेशीच्या आवरणावर या संदेशासाठीच असलेली दुसरी मोठी प्रथिने असतात. त्यांस ग्राही म्हणतात. ग्राहीचे एक टोक आवरणाबाहेर असते आणि दुसरे आत. दारावरची घंटा बाहेरून ओढावी आणि तिचा नाद घरात उमटावा, तसा हा प्रकार आहे. वृद्धिघटक ग्राहीला येऊन चिकटला की दोन ग्राही एकमेकांजवळ येऊन जोडी जमवितात. लगेच त्यांच्या आतील टोकांवर फॉस्फेटचे कण चिकटविले जातात. ती खूण पाहून आतील एक प्रथिन जागे होते, ते दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. आणि अशी वर्दी हातोहात पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचते. तेथे आनुवंशिक द्रव्याची नक्कल होऊ लागते आणि यथाकाल एका पेशीच्या दोन पेशी होतात.

वर्दी पोहोचविण्याची ही योजना विस्मयकारक आहेच. पण ती आवरण्याची योजना तितकीच महत्त्वाची आहे. निरोप दिल्यानंतर वृद्धिघटक आणि ग्राही या दोघांनाही पेशी आत ओढून घेते आणि बरेचसे मोडून टाकते. चिकटविलेले फॉस्फेटचे कण काढून टाकणारे सेवकही आत सज्ज असतात. घंटा वाजली पाहिजे. पण ती अहोरात्र वाजत राहिली तर घरात कोणाला राहवणार नाही.

जखमेच्या जागी ही घंटा नेमकी वेळेवर कशी वाजते, याचाही उलगडा झाला आहे. रक्तातील प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण हल्ली तापाच्या साथींमुळे घरोघरी माहीत झाले आहेत. रक्तवाहिनी फुटली की हे कण तेथे गोळा होऊन रक्त गोठविण्यास मदत करतात. परंतु त्यांचे काम एवढ्यावर संपत नाही. न गोठलेल्या रक्ताच्या द्रवात पेशी फारशा वाढत नाहीत, पण गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या रसात त्या जोमाने वाढतात, असे १९७४ साली दिसून आले. रक्त गोठताना प्लेटलेट आपल्या पोटात साठविलेला आणखी एक वृद्धिघटक बाहेर सोडतात, हे त्याचे कारण होय. अर्थात रक्तस्राव थांबविणारेच दुरुस्तीचा पहिला हुकूमही देतात. मांडूच्या रुग्णालयात घाव बांधणाऱ्या हकिमाच्या हाताखाली, पट्टीच्या आत, हेच सारे घडत होते.

पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय एका मराठी विदुषीकडे जाते. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, यांचा जन्म पुण्यात १९१७ साली झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते आणि कमलाबाईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर अमेरिकेत बॉल्टिमोर येथील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली ज्या प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या आणि पुढे जगभर गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. त्या पेशी घेताना त्या बिचारीची संमती कोणी विचारली नव्हती, हेही या इतिहासात नमूद असले पाहिजे.

स्वदेशी परतल्यावर कमलाबाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काम केले आणि तेथे देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या जातींवर प्रयोग करून स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी कोणता संबंध आहे, हे त्यांनी धुंडाळले. १९७३ साली त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २००१ साली त्यांचे निधन झाले. वृद्धिघटक हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य क्षेत्र नव्हते. तथापि पेशी बेबंद का होते, हा जो प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला, त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग अखेर वृद्धिघटकांच्या अभ्यासातूनच मिळाला.

ते उत्तर १९८३ आणि १९८४ या दोन वर्षांत हाती आले. प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या काही विषाणूंची जनुके तपासली जात होती. एका विषाणूचे जनुक प्लेटलेटमधील वृद्धिघटकाच्या जनुकाशी जुळणारे निघाले. दुसऱ्या विषाणूचे जनुक कोहेनच्या वृद्धिघटकाच्या ग्राहीशी जुळले. फरक एवढाच की त्या ग्राहीचे बाहेरचे टोक छाटलेले होते. संदेश येवो वा न येवो, तो सदैव वर्दी देतच राहणार! कर्करोग म्हणजे बाहेरून आलेली एखादी राक्षसी शक्ती नव्हे, तर जखम भरून काढणाऱ्या यंत्रणेचाच लगाम सुटणे होय, हे येथे कळून चुकले. स्तनांच्या काही कर्करोगांत याच कुळातील एका ग्राहीची संख्या बेसुमार वाढलेली असते, हे पुढे आढळले आणि त्या ग्राहीला अडविणारे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. कमलाबाईंच्या हयातीतच ज्ञानाचे हे वर्तुळ येथवर आले, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जखमेकडे वळावे. मांडूच्या रुग्णालयात तलवारीचे घाव येत असतील. आजच्या रुग्णालयांत मधुमेह्यांच्या तळपायाचे व्रण येतात. आपल्या देशात मधुमेहाचे रोगी कोट्यवधी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायाची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा कमी होतो. एखादा खडा टोचल्याचेही कळत नाही आणि साधी जखम महिनोन्महिने चिघळत राहते. सुश्रुताच्या भाषेत तो दुष्ट व्रण होय. अशा व्रणामुळे पाय कापावा लागला म्हणजे एका माणसाचा पाय जातो आणि पुष्कळदा एका कुटुंबाची भाकरी जाते.

या व्रणांसाठी मानवी वृद्धिघटक आता औषध म्हणून तयार होतात. मानवी जनुक सूक्ष्मजीवांत घालून त्यांच्याकरवी ते प्रथिन बनवून घेतले जाते. प्लेटलेटमधील घटकाचे मलम अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले. क्यूबात बाह्यत्वचेचा वृद्धिघटक व्रणात टोचण्याचे औषध २००६ पासून वापरात आले. आपल्याकडे हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीने त्याच घटकाचे मलम तयार केले. उंदराच्या लालाग्रंथीत कोहेनला जे सापडले, ते असे साठेक वर्षांच्या आत औषधाच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचले.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवणे अवश्य आहे. पहिली ही की, हे मलम म्हणजे संजीवनी नव्हे. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, मेलेले मांस काढून जखम स्वच्छ केलेली नसेल, पायावरचा भार कमी केलेला नसेल, तर आज्ञा कितीही दिल्या तरी त्या पाळण्याची शक्ती पेशींत नसते. दुसरी गोष्ट अशी की, जी आज्ञा जखम भरते तीच अतिरेक झाल्यास घात करू शकते. अमेरिकेतील मलमाच्या अतिवापराने कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका वाढतो की काय, या शंकेने २००८ साली त्यावर कडक इशारा छापण्यात आला. पुढील पुराव्यांची छाननी झाल्यावर तो २०१८ साली काढून टाकण्यात आला. शंका घेणे आणि पुराव्यानिशी ती मागे घेणे, हे दोन्ही शास्त्राचे धर्मच आहेत. वृद्धिघटकाच्या नावाने तारुण्य परत आणून देण्याच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांची परीक्षा सुज्ञांनी याच कसोटीवर करावी.

मांडूच्या सात मजली विजयस्तंभाचा आज केवळ पायथा उरला आहे. चितोडचा स्तंभ उभा आहे आणि प्रवासी तो कौतुकाने पाहतात. फजलुल्ला हकिमाने किती घाव बांधले, किती शिपाई आपल्या पायांनी चालत घरी परतले, याची नोंद कोणत्याही दगडावर नाही. परंतु जे परतले त्यांच्या अंगावरील व्रणांत, वाढण्याची आज्ञा आणि थांबण्याची आज्ञा या दोन्ही, ज्याच्या त्याला वेळेवर मिळाल्या होत्या. दुसरी आज्ञा पहिलीइतकीच मोलाची आहे. पेशींना जे उपजत कळते, ते राज्यांना आणि राजांना पुष्कळदा कळत नाही.